व्हेनिसला मुक्काम द्या : युरोपच्या सहली काढणाऱ्या मराठी कंपन्यांना खुलं पत्र

युरोपच्या सहली नेणाऱ्या सर्व मराठी पर्यटन कंपन्यांचे चालक आणि टूर मॅनेजर यांस,

स.न.वि.वि.

मी ठाण्याची, निवृत्त शिक्षिका. तीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला. त्या तीस वर्षांत नकाशावर बोट ठेवून जगातली कितीतरी शहरं मुलांना दाखवली, पण स्वतःचा पासपोर्ट मात्र निवृत्तीनंतर काढला. तोही तुमच्यामुळे. मराठी बोलणारा टूर मॅनेजर सोबत आहे, सकाळी चहा मिळणार आहे, रात्री वरण-भात मिळणार आहे, आजारी पडलो तर कुणीतरी हॉस्पिटलात घेऊन जाणार आहे, एवढा भरवसा नसता तर माझ्या पिढीतल्या कितीतरी बायकांनी मुंबईचा विमानतळ ओलांडला नसता. तुमचे हे उपकार आहेत, आणि ते मान्य करूनच हे पत्र लिहिते आहे.

माझी मागणी एकच आहे. व्हेनिसला मुक्काम द्या. एक रात्र तरी.

'मुक्काम' हा शब्द मी मुद्दाम वापरते. माझे वडील एस.टी.त कंडक्टर होते. मुक्कामी गाडीवर त्यांची ड्युटी असायची. संध्याकाळी गाडी आडगावात पोचायची, रात्री तिथेच थांबायची आणि पहाटे परत निघायची. वडील सांगायचे, ज्या गावात गाडी नुसती वळवून आणायची त्या गावाचा फक्त पार आठवतो. मुक्काम पडायचा त्या गावात मात्र कुणाकडे म्हैस व्याली आहे हेसुद्धा ठाऊक असायचं. व्हेनिसला मी दोनदा गेले. पहिल्यांदा गाडी वळवून आणल्यासारखी, दुसऱ्यांदा मुक्कामाला. म्हणून हे लिहायचा मला अधिकार आहे असं वाटतं.

पहिली खेप २०२३ च्या मे महिन्यातली. बारा दिवसांची सहल, ग्रुपमध्ये आम्ही बेचाळीस जण. कंपनीचं नाव घेत नाही. कार्यक्रम बहुतेक सगळ्यांचा सारखाच असतो, त्यामुळे हा दोष एकाच्या माथी मारणं बरं नाही. साडेअकराला आमची बस त्रोंकेत्तोला पोचली. हे शहराच्या टोकाचं माणसाने भराव घालून केलेलं बेट, बसगाड्या तिथेच थांबतात. तिथून बोटीने सान मार्कोकडे, म्हणजे शहराच्या मुख्य चौकाकडे. धक्क्यावर उतरल्यावर पहिलं काम म्हणजे काचकारखान्याचं प्रात्यक्षिक. कारागिराने दोन मिनिटांत काचेचा घोडा केला, आम्ही टाळ्या वाजवल्या, आणि पुढचा पाऊण तास आम्हाला विक्रीच्या दालनात फिरवण्यात आलं. मग गोंडोलासाठी रांग. मग चौकात ग्रुप फोटो. मग 'फ्री टाइम', म्हणजे पन्नास मिनिटं, त्यातली वीस स्वच्छतागृहाच्या रांगेत गेली. साडेतीनला दोन उंच खांबांपाशी जमायचं होतं. चारला बोट. व्हेनिस झालं.

आमच्यात सातारच्या एक काकू होत्या. वय अडुसष्ट, गुडघे दुखरे. व्हेनिसमधल्या जवळजवळ प्रत्येक पुलाला पायऱ्या आहेत आणि शहरात पूल चारशेहून अधिक. दुसऱ्याच पुलाशी काकू थांबल्या. टूर मॅनेजर बिचारा चाळीस जणांना सांभाळत होता, तो म्हणाला, काकू, तुम्ही इथेच बसा, आम्ही येतोच. त्या धक्क्याजवळ छत्री उघडून दोन तास उन्हात बसल्या. बोटीत मी विचारलं, कसं वाटलं व्हेनिस? म्हणाल्या, "गर्दी होती गं. बाकी काही दिसलं नाही." त्यांनी या सहलीसाठी पाच वर्षं भिशी लावली होती.

हे वाक्य माझ्या मनातून गेलं नाही. २०२४ च्या ऑक्टोबरात मी आणि धाकटी बहीण, दोघीच, चार रात्रींसाठी परत गेलो. कास्तेल्लो भागात, सान मार्कोपासून चालत वीस मिनिटांवर, एका साध्या गेस्ट हाउसमध्ये उतरलो. दोघींचं वय साठीच्या पुढे, इटालियन शून्य, इंग्रजी जेवढ्यास तेवढी. कसलीही अडचण आली नाही.

त्या चार दिवसांत जे पाहिलं त्यातलं थोडं सांगते. तुमच्या पत्रकांत यातलं काही नसतं म्हणून.

संध्याकाळी पाचच्या सुमारास शहर रिकामं व्हायला लागतं. दिवसाचे पाहुणे बोटींनी, बसने, आगगाडीने परत जातात. सहा वाजता आमच्या घरामागच्या कांपोत शेजारची मुलं फुटबॉल खेळायला आली. कांपो म्हणजे मोकळी जागा, आपल्याकडच्या वाड्याच्या चौकासारखी, फक्त मोठी. चर्चची भिंत हा गोल. चेंडू कालव्यात पडला की एक मुलगा काठावर पालथा पडायचा, दुसरा त्याचे पाय धरायचा. मधोमध दगडी कठड्याची विहीर, वर लोखंडी झाकण. आज्या कठड्याला टेकून गप्पा मारत होत्या. एकीने चाकाची पिशवी पुलावरून एकेक पायरी खाली उतरवली, दर पायरीला टक् असा आवाज. मोटारी नाहीत, स्कूटर नाहीत, हॉर्न नाही. दोन गल्ल्यांपलीकडे कुणी खिडकी लावली तरी ऐकू येत होतं.

ती विहीर पाहून मला वर्गात असल्यासारखं वाटलं. चहूकडे पाणी, पण खारं. मग हे लोक शेकडो वर्षं प्याले काय? तर पावसाचं पाणी. कांपोच्या फरशीखाली मोठा खड्डा खणायचा, खारं पाणी आत शिरू नये म्हणून त्याला चिकणमातीचं अस्तर द्यायचं, त्यात वाळू भरायची आणि मधोमध विहिरीचा नळा बांधायचा. छपरांवरचं, फरशीवरचं पाणी वाळूतून गाळून त्या नळ्यात झिरपतं. म्हणजे कांपो हाच गाळणीचा हौद. १८८४ मध्ये मुख्य भूमीवरून नळाचं पाणी आलं तोवर शहर यावर जगलं. सोसायटीत पागोळीचं पाणी साठवण्यावर आपण बैठकांमागून बैठका घेतो. इथे अख्ख्या शहराच्या चौकांखाली ती व्यवस्था होती. टूर मॅनेजरने कुठल्याही एका विहिरीपाशी पाच मिनिटं थांबून एवढं सांगितलं असतं तरी आमच्या बेचाळीस जणांपैकी एकही जण ते विसरला नसता. हे सांगायला तिकीट लागत नाही.

तसंच शहराच्या पायाचं. चिखलात आल्डर, ओक, लार्च अशा झाडांचे ओंडके एकमेकांना चिकटून ठोकले, त्यावर फळ्या, त्यावर इस्त्रियाचा पांढरा दगड, आणि त्यावर घरं. मुख्य कालव्यावरच्या एकट्या रिआल्तो पुलाखाली सुमारे १२,००० खुंट आहेत असं सांगतात. तो पूल १५९१ मध्ये पुरा झाला. लाकूड कुजत नाही, कारण चिखलाखाली हवा पोचत नाही. वर मात्र विटांमध्ये खारं पाणी चढतं, गिलावा पापड्यांसारखा सुटतो. हात लावला की बोटांवर मीठ येतं. मी लावला.

एका रात्री दहाच्या सुमारास आम्ही सान मार्कोच्या चौकात गेलो. दुपारी जिथे खांद्याला खांदा लागत होता तिथे शंभर माणसंही नसतील. भरतीची वेळ होती. फरशीतल्या लहान जाळ्यांमधून पाणी वर येत होतं, आवाज न करता. आधी ओल, मग तळहाताएवढं डबकं, मग दोन डबकी एकत्र. आपल्याला वाटतं पाणी काठावरून उडी मारून येत असेल, पण इथे ते खालून, गटाराच्या वाटेने येतं. हा चौक शहरातल्या सर्वांत सखल जागांपैकी आहे. नोव्हेंबर १९६६ मध्ये भरतीचं पाणी मोजमापाच्या ठरावीक पातळीपासून १९४ सेंटिमीटर वर गेलं, नोव्हेंबर २०१९ मध्ये १८७. त्यानंतर शहराभोवतालचं खाऱ्या पाण्याचं सरोवर समुद्राला मिळतं त्या तीन मुखांशी बसवलेली ७८ दारं ३ ऑक्टोबर २०२० रोजी भरती अडवायला पहिल्यांदा उचलली गेली. एरवी ती तळाशी पाणी भरून निजलेली असतात. आत हवा भरली की पाणी बाहेर पडतं आणि दार उभं राहतं. पण ती दारं मोठ्या भरतीसाठीच उचलतात, लहान भरतीला चौक अजून ओला होतो. २६ जुलै पाहिलेल्या आणि दर पावसाळ्यात भरतीचं वेळापत्रक वाचणाऱ्या मुंबई-ठाण्याच्या माणसाला हे समजायला किती वेळ लागेल? आमच्याइतकं हे समजून घेणारा प्रवासी त्या शहराला दुसरा कुठून मिळणार?

आणि आता ते, ज्याचं मला सर्वांत वाईट वाटलं.

माझ्या आजीची पुतळ्यांची माळ होती. आता ती माझ्या वहिनीकडे आहे. पुतळी हे नाव आपण सहज घेतो, लग्नात घालतो, सोनाराकडे डिझाइन म्हणून मागतो. पण जुन्या काळी पश्चिम भारतात 'पुतळी' म्हणत ती व्हेनिसच्या सोन्याच्या नाण्याला. १२८४ मध्ये पहिल्यांदा पाडलेलं हे नाणं, वजन साडेतीन ग्रॅमच्या आसपास, आणि सोनं अतिशय शुद्ध; पार १७९७ मध्ये व्हेनिसचं प्रजासत्ताक बुडेपर्यंत त्याचा घाट फारसा बदलला नाही. एका बाजूला संत मार्क उभा, त्याच्यासमोर व्हेनिसचा राज्यप्रमुख, ज्याला दोजे म्हणत, तो गुडघे टेकून बसलेला, दोघांच्या हातात निशाणाची काठी. मिरीच्या, कापडाच्या व्यापारात हे नाणं इजिप्त-अरबस्तानमार्गे आपल्या किनाऱ्यावर येत राहिलं. त्यावर माणसांच्या आकृत्या दिसतात म्हणून पुतळी. पुढे आपल्याकडेच त्याच्या नकला व्हायला लागल्या आणि माळेत ओवल्या गेल्या. आजच्या पुतळ्यांवर लक्ष्मी असते, कुठे राम-सीता असतात.

ज्या टांकसाळीत ही नाणी पडायची ती इमारत अजून उभी आहे. पाण्याकडे तोंड केलेली, घडीव दगडांची, आता तिच्यात ग्रंथालय आहे. तिचं नाव झेक्का. हा शब्द अरबी 'सिक्का'वरून आलेला, आपला शिक्काही तिथलाच. आणि ही झेक्का कुठे आहे? त्या दोन उंच खांबांपासून चार पावलांवर. पहिल्या सहलीत साडेतीन वाजता आम्ही बेचाळीस जण त्याच खांबांपाशी जमलो होतो. निम्म्या बायकांच्या घरी पुतळीची माळ असेल. झेक्काकडे पाठ करून आम्ही वीस मिनिटं उभ्या होतो आणि हजेरी चालली होती.

दुसऱ्या खेपेला चौकाच्या दुसऱ्या टोकाच्या कोर्रेर संग्रहालयात काचेखाली ती नाणी पाहिली. नखाएवढं गोल. बहिणीने मोबाइलवर आजीच्या माळेचा फोटो काढून काचेला लावून धरला. पहारेकरी बाई जवळ आली. आम्हाला वाटलं रागावणार. तिने फोटो पाहिला, नाणं पाहिलं आणि दुसऱ्या दालनातल्या सहकारी बाईला बोलावून आणलं. भाषा न येता आम्ही चौघी पाच मिनिटं तिथे उभ्या होतो.

ठाणेकर म्हणून आणखी एक. १२५४ मध्ये व्हेनिसमध्ये जन्मलेल्या मार्को पोलोच्या प्रवासवर्णनात ठाण्याच्या राज्याचं वर्णन आहे. इथलं कातडं, सुती कापड, धूप, आणि चाचे लोकांशी राजाचं साटंलोटं, असं सगळं त्यात येतं. त्याच्या कुटुंबाची घरं जिथे होती ते अंगण, कोर्ते देल मिल्योन, रिआल्तो पुलापासून पाच मिनिटांच्या अंतरावर आहे. ठाण्यातून तुमच्या सहलींना दरवर्षी किती माणसं येतात, तुम्हाला माहीत. त्यांना तिथे दोन मिनिटं उभं करून एवढंच सांगा.

आता तुमच्या अडचणींकडे येते, कारण त्या खऱ्या आहेत. मी बऱ्याच टूर मॅनेजरांशी बोलले आहे.

पहिली अडचण बॅगांची. बेचाळीस माणसांच्या चौऱ्याऐंशी बॅगा पुलांच्या पायऱ्यांवरून न्यायच्या कशा? उत्तर आहे, नेऊच नका. मोठ्या बॅगा बसमध्ये राहू द्या, एका रात्रीची पिशवी प्रत्येकाने खांद्याला लावावी. शिवाय लिदो आहे. लिदो हे सरोवर आणि समुद्र यांच्यामधलं लांबट बेट, तिथे रस्ते आहेत, बस आहेत, हॉटेलं आहेत, आणि त्रोंकेत्तोहून वाहनं नेणारी फेरी बोट तिथे जाते. लिदोहून सान मार्को बोटीने पंधरा-वीस मिनिटं. ज्यांना पायऱ्या चढवत नाहीत त्यांच्यासाठी याहून सोयीची जागा नाही.

दुसरी, वयस्कर माणसांची. व्हेनिस म्हाताऱ्यांना झेपत नाही हे मी तुमच्या लोकांकडून ऐकलं आणि मला ते पटत नाही. पहिल्या क्रमांकाची व्हापोरेत्तो, म्हणजे तिथली जलबस, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत मुख्य कालव्यातून थांबत थांबत जाते. चढायला तरंगता धक्का असतो, पायऱ्या नाहीत. पाऊण तासात दोन्ही काठांवरचे सगळे राजवाडे, रिआल्तोचा बाजार, चारही मोठे पूल बसल्या जागी दिसतात. २०२४ मध्ये आम्ही गेलो तेव्हा पंचाहत्तर मिनिटांचं तिकीट साडेनऊ युरोचं होतं, चोवीस तासांचा पास पंचवीसचा. आमच्या सातारच्या काकूंनी हे सगळं बसून पाहिलं असतं. त्यांना उन्हात बसवून ठेवण्याऐवजी एका माणसाने त्यांच्यासोबत बोटीत बसायला हवं होतं, एवढंच.

गोंडोलाबद्दल दोन शब्द. सरकारी दर दिवसा अर्ध्या तासाला नव्वद युरो, एका नावेत पाच जण. हे दर जाहीर आहेत. आमच्याकडून माणशी किती घेतले ते मी इथे लिहीत नाही, पण हे गणित तुम्ही प्रवाशांसमोर मांडा. आणि ज्यांना तेवढे पैसे घालवायचे नाहीत त्यांना त्रागेत्तो दाखवा. पूल नाही तिथे दोन वल्हेकरी मुख्य कालव्याच्या या काठावरून त्या काठावर नेतात, बाहेरच्यांना दोन युरो. मासळीबाजाराजवळ आम्ही त्याच नावेतून पलीकडे गेलो. बाजाराची पिशवी घेतलेली एक बाई उभ्यानेच गेली, आम्ही बसलो. गोंडोला वाकडी का दिसते ते तेव्हा कळलं. डावी बाजू उजवीपेक्षा रुंद असते, कारण वल्हं एकाच बाजूला आहे. नाव सरळ असती तर गोल फिरली असती.

जेवणाचं. तुम्ही म्हणता इंडियन डिनरशिवाय लोक ऐकत नाहीत. दहा रात्री द्या ना इंडियन डिनर, मी स्वतः आवडीने जेवते. एक संध्याकाळ सोडा. मासे खाणाऱ्यांसाठी तिथे 'सार्दे इन साओर' आहे. म्हणजे तळलेल्या तारल्या, वर परतलेला कांदा, व्हिनेगर, बेदाणे आणि चिलगोज्यासारख्या बिया. खलाशांना दिवसेंदिवस टिकावं म्हणून केलेला प्रकार. कोकणातल्या कुणालाही तो पहिल्या घासाला ओळखीचा वाटेल. न खाणाऱ्यांसाठी मक्याचा घाटा, पोलेंता, आणि मटार-भात. मटार-भाताला तिथे 'रिझी ए बिझी' म्हणतात. त्यात मांसाचा रस्सा घातला आहे का ते आधी विचारून घ्यावं. आम्ही एक वाक्य पाठ करून गेलो होतो आणि ते सगळीकडे समजलं.

राहिला पैशांचा प्रश्न. बेटावरची खोली मेस्त्रेतल्या, म्हणजे मुख्य भूमीवरच्या ज्या भागात तुम्ही उतरवता तिथल्या, खोलीपेक्षा महाग आहे, मान्य. पण त्या बारा दिवसांत आम्ही दोन-दोन तासांच्या किती जागा पाहिल्या हे मोजा. एक जागा गाळा, एक रात्र इथे द्या. दर थोडा वाढला तर स्पष्ट लिहा, 'व्हेनिसमध्ये मुक्काम' असं. त्यासाठी पैसे मोजणारी माणसं तुमच्या यादीत आहेत, फक्त त्यांना आजवर कुणी विचारलेलं नाही.

आणि हे फक्त आपल्या सोयीचं नाही. रिआल्तोजवळच्या सान बार्तोलोमेओ कांपोत एका औषधाच्या दुकानाच्या खिडकीत २००८ पासून एक आकडा झळकतो. जुन्या शहरात आता किती रहिवासी उरले त्याचा. १९५१ मध्ये ते सुमारे पावणेदोन लाख होते. आता पन्नास हजारांच्या आत आले आहेत. मी त्या खिडकीसमोर उभी होते तेव्हा औषध घेऊन बाहेर आलेल्या एका म्हाताऱ्या बाईंनी वर पाहिलंसुद्धा नाही. आपल्या गावची शाळा पट कमी झाला म्हणून बंद पडताना मी पाहिली आहे. फळ्यावर दररोज पटसंख्या लिहायचो, ती कमी होताना शेवटी शेवटी कुणी तिकडे बघत नसे.

दिवसाच्या पाहुण्यांचा भार सोसेना म्हणून २५ एप्रिल २०२४ पासून शहराने, ठरावीक दिवशी फक्त दिवसापुरतं येणाऱ्यांकडून पाच युरो घ्यायला सुरुवात केली. २०२५ मध्ये असे दिवस वाढवले आणि ऐनवेळी नोंदणी करणाऱ्यांना दहा युरो केले. जो रात्री राहतो त्याला हा आकार नाही, तो राहण्याचा कर वेगळा भरतोच. म्हणजे शहर स्वतःच सांगतं आहे की राहा. तुम्ही म्हणाल, मेस्त्रेत राहणाराही कागदोपत्री यातून सुटतो, कारण मेस्त्रे त्याच नगरपालिकेत येतं. खरं आहे. पण मेस्त्रेत झोपलेल्या माणसाला संध्याकाळचा कांपो दिसत नाही, आणि कांपोतल्या दुकानदाराला तो माणूस दिसत नाही.

२०२४ च्या उन्हाळ्यापासून गाइडबरोबर पंचवीसपेक्षा जास्त माणसं चालवायला बंदी आहे, भोंगे वापरायलाही बंदी आहे. बेचाळीस जणांचे दोन गट तुम्हाला आता करावेच लागतात. मग दुसऱ्या गटासाठी माणूस लागणारच आहे, तर तो व्हेनिस माहीत असलेला ठेवा. गल्ली अरुंद असते, दोन माणसं समोरासमोर आली तर एकाने खांदा वळवावा लागतो. तिथे पंचवीस माणसं फोटोसाठी थांबली की कामावर निघालेला नर्स, शाळेतलं पोर, गाडा ढकलणारा हमाल सगळे अडकतात. उजव्या बाजूने एकामागे एक चाला, पुलावर थांबू नका, एवढं बसमध्येच सांगा. मागून कुणी 'पेर्मेस्सो' म्हणालं तर ते 'जरा जाऊ द्या' असं आहे, हेही सांगा. ग्रुपमधल्या कुणालाही ते ठाऊक नव्हतं, आणि आम्ही प्रत्येक वेळी वळून हसून 'थँक यू' म्हणत उभे राहत होतो.

काचेचं दुकान कार्यक्रमातून काढा असं म्हणत नाही. १२९१ मध्ये आगीच्या भीतीने सगळ्या भट्ट्या मुरानो बेटावर हलवल्या, तेव्हापासूनचं ते काम आहे. आदराने पाहण्यासारखं आहे. पण मग मुरानोलाच न्या. फोंदामेंते नोव्हेच्या धक्क्याहून जलबस जाते. आणि खरेदीची सक्ती वाटेल असं दार लावून घेतलेलं दालन नको.

मुक्काम खरोखरच जमत नसेल, तर मी म्हणते व्हेनिस गाळा. त्याच सरोवराच्या दक्षिण टोकाला किओज्जा नावाचं गाव आहे. कालवे आहेत, पूल आहेत, मोठं मासळी बंदर आहे, आणि बस थेट गावाजवळ जाते. चार तास असतील तर ते गाव चार तासांत नीट पाहून होतं. पत्रकावर 'किओज्जा' छापलं तर बुकिंग कमी होईल ही भीती मला समजते. पण 'व्हेनिस' छापून धक्का आणि दुकान दाखवणं हे आम्हा निवृत्तांच्या साठवलेल्या पैशांशी बरोबर नाही.

पुढच्या उन्हाळ्याची पत्रकं तुमच्याकडे दिवाळीच्या आसपास तयार होतात. त्याआधी तुमच्यापैकी कुणी एकाने तरी एक सहल अशी आखावी. पाचला व्हेनिसमध्ये पोचायचं, दुसऱ्या दिवशी दुपारी निघायचं. गर्दीच्या उलट्या वेळेला. रात्रीचा चौक, सकाळचा मासळीबाजार, मधे पहिल्या क्रमांकाची बोट. ती सहल निघाली की पहिली दोन नावं माझ्याकडून घ्या. एक माझं. दुसरं सातारच्या काकूंचं, त्यांच्याशी माझं बोलणं झालं आहे. त्यांनी गुडघ्याचं ऑपरेशन करून घेतलंय आणि पुन्हा भिशी लावली आहे.

कळावे, लोभ असावा ही विनंती.

आपली,
ठाण्याची एक निवृत्त शिक्षिका